विशाखापट्टणमची सिंदिया गोदी : जहाज बांधलं, पुढची मागणी कुणाची?

वालचंद हिराचंद यांचं नाव निघालं की आपल्याकडे वालचंदनगरचा साखर कारखाना आठवतो, कुर्ल्याची प्रीमियर मोटार आठवते, फार तर बंगळुरूचा विमानाचा कारखाना. विशाखापट्टणमच्या जहाजबांधणीच्या गोदीचा उल्लेख यादीच्या शेवटी येतो आणि एका वाक्यात आटोपतो. माझ्या मते सोलापूरच्या या माणसाने अंगावर घेतलेलं सगळ्यांत अवघड काम हेच होतं. उद्योग कसा उभा राहतो आणि उभा राहिल्यावर कुठे अडखळतो, हे या गोदीच्या पहिल्या अकरा वर्षांत जितकं स्पष्ट दिसतं तितकं त्यांच्या दुसऱ्या कुठल्याच कारखान्यात दिसत नाही. १९४१ मध्ये पायाभरणी झाली, १९४८ मध्ये पहिलं जहाज पाण्यात उतरलं आणि १९५२ मध्ये गोदीची मालकी सरकारकडे गेली. जागा मिळाली, बंदर मिळालं, कारागीर घडले, जहाजही तरंगलं. घोडं अडलं ते एकाच ठिकाणी : पुढच्या जहाजाची मागणी नोंदवणार कोण?

जहाज कंपनीला गोदी कशाला हवी होती

गोष्ट १९१९ पासून सुरू होते. पहिलं महायुद्ध संपताना ग्वाल्हेरच्या महाराजांचं 'लॉयल्टी' हे जहाज विकायला निघालं. युद्धात ते इस्पितळ-जहाज म्हणून वापरात होतं. वालचंद तोवर रेल्वेची आणि बांधकामाची कंत्राटं घेणारे म्हणून ओळखले जात. त्यांनी नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लूभाई सामळदास यांच्याबरोबर ते विकत घेतलं आणि कंपनी काढली. जहाज शिंद्यांचं, म्हणून कंपनीचं नाव सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन. ५ एप्रिल १९१९ रोजी 'लॉयल्टी' मुंबईहून इंग्लंडकडे निघालं. आज ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतात, तो याच प्रवासामुळे.

पुढची वर्षं मात्र खडतर गेली. हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरचा माल लॉर्ड इंचकेप यांच्या ब्रिटिश इंडिया कंपनीच्या मुठीत होता. नवा खेळाडू आला की भाडं पाडायचं आणि तो बुडाला की पुन्हा चढवायचं, ही त्यांची जुनी रीत. सिंदिया बुडाली नाही, पण १९२३ मध्ये तिला दहा वर्षांचा करार मान्य करावा लागला. त्यात तिचा वावर किनारी वाहतुकीपुरता ठेवला गेला आणि जहाजांच्या एकूण टनांवर मर्यादा आली. किनारी वाहतूक देशी जहाजांसाठी राखून ठेवावी म्हणून साराभाई हाजी यांनी १९२८ मध्ये केंद्रीय विधिमंडळात विधेयक आणलं. तेही तडीस गेलं नाही.

गोदीचा विचार या कोंडीतून आला. ज्या देशातल्या कंपन्यांशी स्पर्धा करायची, जहाजं बांधून घ्यायलाही त्याच देशात जायचं, आणि दुरुस्तीसाठी बऱ्याचदा त्यांच्याच गोदीत रांग लावायची, हे किती दिवस चालणार? मुंबईच्या वाडिया घराण्याने एके काळी सागवानी जहाजं बांधून ब्रिटिश आरमाराला दिली होती. लोखंड आणि वाफ आल्यावर ती परंपरा खंडित झाली. मुंबई-कलकत्त्याच्या गोद्यांकडे उरली मुख्यतः दुरुस्ती आणि छोट्या नौका. पोलादाचं, महासागरात जाणारं मालवाहू जहाज बांधेल अशी आधुनिक गोदी देशात नव्हतीच.

विशाखापट्टणम का

वालचंद यांची पहिली पसंती विशाखापट्टणमला नव्हती. मुंबई हे कंपनीचं घर, पण तिथे सोयीची जागा मिळेना. कलकत्त्याला हुगळीकाठी जागेसाठी बराच प्रयत्न झाला. पोलाद जवळ, कोळसा जवळ, लोखंडकाम जाणणारी माणसंही जवळ. पण बंदर प्रशासनाच्या अटी कंपनीला परवडण्याजोग्या नव्हत्या. तेव्हा कुठे लक्ष आंध्रच्या किनाऱ्यावरच्या एका नव्या बंदराकडे वळलं.

या बंदराची जन्मकथा गोदीइतकीच महत्त्वाची आहे, आणि तिचा एक धागा थेट विदर्भापर्यंत येतो. नागपूर, भंडारा, बालाघाट या पट्ट्यात मँगनीजच्या खाणी. तिथला दगड परदेशी पाठवायचा तर मुंबई किंवा कलकत्ता गाठावं लागे, आणि हे अंतर भाड्यात खात असे. पूर्व किनाऱ्यावर, कलकत्ता आणि मद्रास यांच्या दरम्यान, मोठी जहाजं निवांत लागतील असं बंदर नव्हतं. विशाखापट्टणमला मात्र समुद्रात घुसलेला एक डोंगर आहे, डॉल्फिन्स नोज. त्याच्या आडोशाला मागे दलदल पसरलेली होती. मेघाद्रिगेड्डा आणि नरवागेड्डा हे ओढे तिथे येऊन मिळत आणि भरतीचं पाणी आत शिरे. ही दलदल उपसली तर आत सुरक्षित बंदर होईल, हा हिशेब इंजिनिअरांनी मांडला. रायपूर-विजयनगरम रेल्वेमार्ग १९३१ मध्ये पूर्ण झाला. बंदराचं काम १९२७ ते १९३३ या काळात सुमारे ३ कोटी ७८ लाख रुपये खर्चून झालं.

इथली मुख्य अडचण खोलीची नव्हती, वाळूची होती. या किनाऱ्याने वाळू सतत उत्तरेकडे सरकत राहते. डोंगराला वळसा घालून ती बंदराच्या तोंडाशी साचते आणि वाट बंद करू पाहते. उपाय असा केला : 'जेनस' आणि 'वेलेडन' ही दोन जुनी जहाजं प्रवेशमार्गाच्या दक्षिणेला आणून बुडवली. त्यांच्या आधाराने दगड टाकून बांध तयार केला आणि सरकत येणारी वाळू त्या आडोशाला अडवली. तिथून ती ड्रेजरने, म्हणजे गाळ उपसणाऱ्या जहाजाने, उचलून पलीकडे टाकायची. हे काम एकदा करून संपणारं नव्हतं, दरवर्षीचं होतं. बांधाचा पाया म्हणून मेलेली जहाजं वापरलेल्या या बंदरात पुढे देशाचं नवं जहाज जन्माला आलं.

७ ऑक्टोबर १९३३ रोजी बंदर समुद्री जहाजांसाठी खुलं झालं, तेव्हा पहिल्यांदा आत आली ती सिंदियाचीच 'जलदुर्गा'. म्हणजे कंपनीला हे पाणी पहिल्या दिवसापासून माहीत होतं. डोंगराचा आडोसा, भरावाने तयार झालेली सपाट जमीन, रेल्वेचा रूळ आणि टाटांच्या जमशेदपूरकडून पोलाद आणण्याची सोय, हे सगळं एका ठिकाणी होतं. नाइलाजाने निवडलेली जागा उत्तम निघाली, असं माझं स्पष्ट मत आहे. हुगळीची वळणं आणि गाळ पाहता मोठ्या जहाजांना कलकत्ता पुढे अडचणीचंच ठरलं असतं.

युद्धातली पायाभरणी

२१ जून १९४१ रोजी डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पायाभरणी झाली. वैयक्तिक सत्याग्रहाचे दिवस होते, काँग्रेसचे कितीतरी पुढारी तुरुंगात होते. युद्धात गुंतलेलं सरकार यंत्रं आणि पोलाद यांचे परवाने हातात धरून बसलेलं. अशा वेळी कंपनीने कोनशिलेसाठी काँग्रेसच्या माजी अध्यक्षांना बोलावलं. परवाने देणाऱ्या सरकारला हे रुचणार नाही, हे कळण्याइतके वालचंद मुरलेले होते. तरीही त्यांनी ते केलं. हा कारखाना देशाचा म्हणून उभा राहतोय, हे त्यांना उघडपणे सांगायचं होतं. त्यांच्या कारभारावर टीका करायला जागा आहे, पण या निर्णयाबद्दल मला मनापासून आदर आहे.

सरकारची भूमिका साधी होती : व्यापारी जहाजं बांधणं हे आत्ताच्या युद्धकामात मोडत नाही. युद्धाला जहाजं हवी होती, रोज बुडत होती, तरीही हिंदुस्थानात नवीन गोदी उभी करण्याला अग्रक्रम मिळाला नाही. मग ६ एप्रिल १९४२ उजाडला. बंगालच्या उपसागरात शिरलेल्या जपानी विमानवाहू जहाजावरून विमानं आली आणि त्यांनी विशाखापट्टणम बंदरावर बाँब टाकले. त्याच दिवशी काकिनाड्यावरही हल्ला झाला. नुकसान फार मोठं नव्हतं, भीती मात्र मोठी होती. गावच्या गावं आतल्या भागात निघून गेली. गोदीचं काम थांबलं. ते पुन्हा सुरू झालं तरी यंत्रं आणि पोलाद यांची टंचाई संपेना. खरी जहाजबांधणी युद्ध संपल्यावरच हाती घेता आली.

पहिल्या पाच वर्षांचा हा उशीर पुढे फार महाग पडला. तो न होता तर युद्ध संपताना, जगाला जहाजांची भूक असताना, इथली पहिली जहाजं तयार असती.

'जलउषा' : बांधणीच्या जागी

त्या काळात जहाजाची सुरुवात पोलादावर होत नसे. आधी आराखड्याचं दालन लागे, म्हणजे वरच्या मजल्यावरची लांबच लांब लाकडी जमीन. तिच्यावर जहाजाच्या प्रत्येक आडव्या छेदाची रेषा खडूने आणि टोकदार सळईने आखायची, तीही पूर्ण आकारात. कागदावरची चूक इथे डोळ्यांना दिसते. रेषेला एखादा पोक आला की लाकडाची लवचीक पट्टी खिळ्यांत धरून ती पुन्हा ओढायची. मग त्या रेषांवरून लाकडी फर्मे करायचे, फर्म्यांवरून पत्रे कापायचे, भोकं पाडायची आणि भट्टीत तापवून फासळ्या वाकवायच्या. मालवण-रत्नागिरीकडे गलबतं बांधणारे मेस्त्री हे सगळं नजरेने करत. आधी पठाण म्हणजे तळाचा कणा बसवायचा, मग त्यावर वाक्या म्हणजे फासळ्या उभ्या करायच्या, क्रम तोच. पोलादी जहाजात फरक असा की हजारो भोकं एकमेकांवर बरोबर यावी लागतात. नाही आली तर रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणारा खिळा, बसत नाही आणि बसलाच तर पाणी रोखत नाही.

रिव्हेट मारणं हे एकट्याचं काम नाही. एक जण भट्टीत रिव्हेट लाल करतो आणि चिमट्याने पुढे फेकतो. दुसरा तो झेलून भोकात घालतो. तिसरा आतून जड ठोकळ्याने दाबून धरतो, आणि बाहेरून हातोडा चालतो. रिव्हेट थंड होण्याआधी हे उरकलं पाहिजे. चौघांचे हात जुळायला महिने लागतात. पुस्तक वाचून ते येत नाही, आणि देशात शिकवणारे मोजके. विशाखापट्टणमला मोठ्या जहाजाचं काम केलेली माणसं मुळात नव्हतीच. परदेशी जाणकारांच्या देखरेखीखाली स्थानिक तेलुगू तरुणांच्या हातांत हे काम बसवावं लागलं. पहिल्या जहाजाला वेळ आणि पैसा का जास्त लागला, याचं निम्मं उत्तर इथे आहे. उरलेलं निम्मं आयातीत : मुख्य इंजिन परदेशी, कितीतरी सुटे भाग परदेशी. एखादी पेटी उशिरा आली की अख्खं जहाज तिच्यासाठी खोळंबणार.

१४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते 'जलउषा' पाण्यात उतरली. सुमारे ८,००० टन माल वाहणारं, वाफेवर चालणारं जहाज. गांधीजींच्या हत्येला दीड महिनाही झाला नव्हता. फाळणीच्या जखमा ओल्या होत्या. अशा दिवसांत पंतप्रधान एका मालवाहू जहाजासाठी विशाखापट्टणमला आले, यावरून त्या जहाजाकडे देश कसा पाहत होता हे कळतं. त्यानंतर 'जलप्रभा' आली. एकदा हात बसल्यावर काम पुढे सरकू लागलं.

मागणीचा खड्डा

आता मूळ प्रश्नाकडे येतो.

'जलउषा' कुणासाठी बांधली? सिंदियासाठीच. बांधणाराही तोच, विकत घेणाराही तोच. सुरुवात म्हणून हे ठीक, किंबहुना दुसरा मार्गही नव्हता. पण गोदीला दरवर्षी दोन-तीन जहाजं हवीत. स्लिपवे, म्हणजे जहाज बांधून पाण्यात सोडायचा उतार, रिकामा राहिला तरी कारागिरांचा पगार, कर्जाचं व्याज, क्रेनची देखभाल थांबत नाही. सिंदिया कितीही मोठी झाली तरी एकटीने एवढी जहाजं कुठून घेणार?

कागदावर मागणी भरपूर होती. सी. पी. रामस्वामी अय्यर यांच्या समितीने १९४७ मध्ये पाच ते सात वर्षांत देशाची जहाजं २० लाख टनांवर न्यावीत, असं सांगितलं. तेव्हा हाती होती सुमारे २ लाख टन. म्हणजे दहापट. हा आकडा ऐकून कुठल्याही गोदीवाल्याला वाटेल की आता दिवस फिरले. प्रत्यक्षात कंपन्यांनी जहाजं घेतली ती युद्धातून उरलेली. अमेरिकेने आणि कॅनडाने युद्धात झपाट्याने बांधलेली शेकडो मालवाहू जहाजं बाजारात आली, स्वस्तात आणि लगेच मिळणारी. चार वर्षं थांबून विशाखापट्टणमचं महाग जहाज कोण घेईल? मालवाहतूकदाराने हिशेब पाहायचा असतो आणि त्याने तो पाहिला, त्याला दोष देता येत नाही. गंमत बाजूला ठेवून सांगायचं तर सिंदियाच्या वाहतूक विभागाचं हित आणि सिंदियाच्या गोदीचं हित इथेच एकमेकांच्या विरुद्ध गेलं. एका घरात दोन चुली झाल्या.

किमतीतला फरक भरून कोण काढणार, हा मग सरकारच्या दारी गेलेला प्रश्न. ब्रिटनमध्ये तेच जहाज जेवढ्याला पडतं तेवढीच किंमत गिऱ्हाइकाने द्यायची आणि वरचा खर्च सरकारने सोसायचा, असा तोडगा पुढे आला. काही जहाजांची मागणी सरकारने स्वतः नोंदवली. पण ही मदत जहाजागणिक, तुटक तुटक येत राहिली. पाच वर्षांची ठरलेली मागणी आणि वर्षावर्षाने मिळणारी उसनवारी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिलीच्या जोरावर पोलाद आगाऊ मागवता येतं, कारागिरांच्या टोळ्या टिकवता येतात. दुसरीत स्लिपवे रिकामा होण्याच्या भीतीत दिवस काढावे लागतात.

इथे मुंबईच्या माझगाव गोदीशी तुलना उपयोगी ठरते. माझगावकडे दुरुस्तीचा कायमचा ओघ होता. नवीन बांधणी नसली तरी माणसं कामात राहत. विशाखापट्टणमची सगळी मदार नव्या जहाजांवर. आज मागे वळून पाहताना वाटतं, दुरुस्तीची मोठी सोय सुरुवातीपासून उभी केली असती तर मधले कोरडे महिने तरून जाता आले असते. अर्थात हे म्हणणं सोपं आहे. त्यासाठी लागणारा पैसाही तेव्हा बांधणीच्या यंत्रांनीच खाल्ला होता.

वालचंद यांची प्रकृती ढासळली होती. अर्धांगाच्या झटक्यानंतर १९५० मध्ये ते कामकाजातून बाजूला झाले. १९५२ च्या सुरुवातीला हिंदुस्तान शिपयार्ड ही नवी कंपनी झाली. दोन तृतीयांश हिस्सा सरकारचा, एक तृतीयांश सिंदियाचा. तांत्रिक सल्ल्यासाठी लोआर नदीकाठच्या एका फ्रेंच जहाजबांधणी कंपनीशी करार झाला. ८ एप्रिल १९५३ रोजी वालचंद गेले. १९६१ मध्ये उरलेला हिस्साही सरकारने घेतला.

याला वालचंद यांचं अपयश म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही. व्यापारी जहाजबांधणी जगात फारशी कुठे निव्वळ खासगी भांडवलावर बाळसं धरू शकलेली नाही. जपानने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कायदा करून बांधणीला अनुदान दिलं, तेव्हा तिथल्या गोद्या उभ्या राहिल्या. वालचंद यांनी जे उभं केलं ते सरकारविना नव्हे, विरोधी सरकारच्या नाकावर टिच्चून केलं. त्यांचा अंदाज एवढाच चुकला की स्वराज्य आलं की मागणी आपोआप येईल.

गोदीभोवतीचं शहर

गोदी अडखळत होती तेव्हा भोवतालचं गाव मात्र झपाट्याने बदलत होतं. १९४१ च्या जनगणनेत विशाखापट्टणमची वस्ती सुमारे ७० हजार होती. १९५१ मध्ये ती १ लाख ८ हजारांच्या आसपास गेली. सगळं श्रेय गोदीला देणं चूक ठरेल. बंदर होतं, रेल्वे होती, युद्धात आलेलं नौदल होतं. पण बंदराला माल चढवणारे-उतरवणारे हात लागतात. गोदीला फिटर, लोहार, सुतार, वायरमन, नकाशे काढणारे लागतात. हा पगारदार, कसबी कामगारवर्ग इथे मुख्यतः गोदीने आणला. गोदीला लागून वसाहत झाली, तिचं नाव गांधीग्राम. पलीकडे मलकापुरम वाढलं. १९५७ मध्ये त्याच बाजूला कॅल्टेक्सचा तेलशुद्धीकरण कारखाना आला. १९६० च्या दशकात खतांचा कारखाना, नौदलाची पूर्व विभागाची मुख्य कचेरी, मग जस्ताचा कारखाना आणि शेवटी पोलाद प्रकल्प. डॉल्फिन्स नोजच्या आडोशाच्या ज्या दलदलीत एके काळी मलेरियाच्या भीतीने कोणी राहायला धजत नसे, तिथे पूर्व किनाऱ्यावरचा एक दाट औद्योगिक पट्टा तयार झाला.

त्याची किंमतही शहराने मोजली. बंदर, गोदी, रिफायनरी आणि वस्ती एकमेकांना इतकी चिकटून वाढली की मधे श्वास घ्यायला जागा ठेवली गेली नाही. १९४० च्या दशकात तिथे मोकळी जमीन होती तेव्हाच कारखाने आणि घरं यांत अंतर ठेवायला हवं होतं. पण गोदीच्या आखणीत वसाहतीचा विचार कामगार वेळेवर पोचावा एवढ्यापुरताच झाला. त्या काळच्या जवळजवळ प्रत्येक औद्योगिक गावात हेच घडलंय. पनवेल-उरणच्या पट्ट्यात राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

आजही विशाखापट्टणमच्या त्या भागाला लोक 'सिंदिया' म्हणतात. बसच्या पाट्यांवर ते नाव आहे.

मागणीचा प्रश्न राष्ट्रीयीकरणाने सुटला नाही, फक्त मालक बदलला. पुढच्या दशकांत गोदीने कितीतरी जहाजं बांधली, तरी रिकाम्या स्लिपवेची आणि उशिराची तक्रार पिच्छा सोडेना. २०१० मध्ये गोदी जहाजवाहतूक मंत्रालयाकडून संरक्षण मंत्रालयाकडे सोपवली गेली. ऑगस्ट २०२३ मध्ये नौदलासाठी प्रत्येकी सुमारे ४४,००० टनांची पाच रसदवाहू जहाजं बांधण्याचा करार झाला, किंमत सुमारे १९,००० कोटी रुपये. एकाच गिऱ्हाइकाची, अनेक वर्षांची, आधी ठरलेली मागणी. १९४८ मध्ये 'जलउषा' उतरल्यावर वालचंद यांना नेमकी हीच हवी होती.